पर्यायी यजमान

"आधी ते दार लावा," ती म्हणाली.

थोरले आतल्या दाराच्या कडीवर हात ठेवून तसेच वळले. मागे बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून ऊन, वारा आणि आणखी ज्या कुणाला यायचं असेल ते सगळे येत होते.

"अगं, दोन मिनिटांचं तर काम आहे."

"माशीला दोन मिनिटं लागत नाहीत."

तपासणी खात्याच्या नव्या मॅडम वहीतून डोकं वर काढून हसल्या. थोरल्यांना परत फिरावं लागलं. दोन दारांमधली खोली एका माणसापुरतीच. तिथे तिघं कोंबलेली. पोट आत घेऊन, अंग चोरून, दोघींच्या मधून सरकत ते गेले आणि त्यांनी दार लावलं. कडीचा आवाज तिने कान देऊन ऐकला. हा एवढा आवाज ऐकायला नऊ वर्षं लागली होती.

टोमॅटोच्या रोपवाटिकेला अशी दोन दारं असतात. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. सगळीकडे बारीक जाळी, म्हणजे पांढरी माशी आत यायला नको. तिळाच्या निम्मी असेल नसेल, पानाला टिचकी मारली की पिठासारखी उडते. पण ती एका झाडाचा रस पिते आणि तिथला रोग सोंडेतून दुसऱ्या झाडाला नेऊन घालते. मग टोमॅटोला बोकड्या पडतो: पानं आवळतात, कडेने पिवळी होऊन वाटीसारखी वर वळतात, झाड बुटकं राहतं, फूल गळतं. औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं.

ही मधली खोली बांधून घेतली होती तिनेच, नवरा होता तेव्हा. दोघा भावांची रोपवाटिका, आणि ती घरातली धाकटी. घरातले, कामावरचे, रोपं न्यायला येणारे, सगळे तिला धाकटीच म्हणत. नवरा गेला तरी नाव तेच राहिलं. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी, गळ्यात दोरीला भिंग आणि हातात नमुन्यांची पेटी घेऊन ती तपासणी खात्यातर्फे आली होती, तरी थोरल्यांनी फाटकातच "अरे, धाकटी!" म्हणून असा काही सूर लावला होता, जणू ती माहेराहून परत आली होती.

"तुमची ओळख आहे?" मॅडमनी विचारलं होतं.

"माझे थोरले दीर," ती म्हणाली होती. "म्हणून पिशव्यांना सील तुम्ही स्वतःच्या हाताने करा. मी फक्त पानं तोडीन. आणि चाचणी प्रयोगशाळेतल्या त्या दुसऱ्या बाईंकडे द्या, मी त्या टेबलाजवळसुद्धा जाणार नाही."

मॅडमना हे फार प्रामाणिकपणाचं वाटलं. तो प्रामाणिकपणा नव्हता. सूड घ्यायचा तर त्यात बोट घालायला कुणाला फट सापडता कामा नये, एवढंच.

आतलं दार उघडलं. कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा, ओला वास आला आणि क्षणभर तिचा राग सुटला की काय असं तिलाच वाटलं. ट्रेच्या रांगा, एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खळगे, प्रत्येक खळग्यात एक पोपटी जीव. मग तिने रोपांच्या तीन खोल्यांपैकी पहिल्या खोलीतला दारालगतचा ट्रे उचलला, पान उलटं केलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि राग जागेवर आला. कोवळी पानं वाटीसारखी वळायला लागली होती.

"हे बघा, मॅडम," थोरले मागून म्हणाले, "मी लपवाछपवी करणारा माणूस नाही. पहिल्या खोलीत थोडं दिसतंय. कारणही सांगतो. आमची सूनबाई."

सूनबाई ट्रेच्या टोकाशी उभी होती. पोर कडेवर. चार-पाच महिन्यांचं असेल, नुकतीच मान धरलेलं. ते आईच्या खांद्यावरून जगाकडे असं बघत होतं, की जणू तपासणीला तेच आलंय. तिच्या छातीवर दुधाचा ओला ठिपका होता आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती पोराला या अंगावरून त्या अंगावर घेत होती.

"मूल झाल्यापासून हिचं चित्त थाऱ्यावर नाही," थोरले सांगत होते. "ते रडलं की ही पळते. आत-बाहेर, आत-बाहेर. दार राहतं सताड."

"मी लावते दार," सून म्हणाली. हळू, पण म्हणाली.

"लावतेस! मग माशी काय बेल वाजवून आली?"

पाण्याच्या नळीपाशी ट्रेवाली मावशी बसली होती, जन्मभर ट्रे भरून बोटं काळी झालेली. ती हसली. सवयीने. थोरले बोलले की हसायचं, तिच्या रोजंदारीतच ते काम धरलेलं होतं. मग तिची नजर धाकटीवर गेली आणि हसू घशातच राहिलं.

"दार राहतं सताड." शब्दाला शब्द तोच होता.

\*

नवरा गेला त्या वर्षी रोपं नेलेली माणसं ट्रे परत घेऊन आली होती, एकामागून एक, वाकडी पानं दाखवत. थोरल्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं. "भाऊ गेल्यापासून धाकटीचं चित्त थाऱ्यावर नाही. दार राहतं सताड." तिला स्वतःलाही शंका यायची. झोप लागत नसे, खाल्लेलं कळत नसे. त्यात एखादं दार राहिलं असेलही. ती रोज संध्याकाळी कड्या मोजून घरी जाऊ लागली.

मग खात्याचा तपासनीस आला, पानं घेऊन गेला, आणि आठ दिवसांनी एक कागद आला. चहाच्या वेळी थोरले पालथ्या क्रेटवर उभे राहिले आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर वाचायला घेतला. वाचायचे झोकात. अर्धं गाव त्यांच्याकडून पत्रं वाचून घ्यायचं.

"'रोगाचा पर्यायी यजमान,'" त्यांनी वाचलं, "'आवारातच आहे.'"

ते थांबले. कागदावरून एकदा धाकटीकडे बघितलं. मग नळाशी फवारणीचा पंप धूत बसलेल्या पंपवाल्याकडे बघितलं.

"यजमान तर वर गेले आमच्या धाकटीचे," ते म्हणाले. "आता हा पर्यायी कोण म्हणायचा?"

काय हसले सगळे! ट्रेवाली मावशी हसता हसता कोकोपीटच्या ढिगावर बसली. थोरल्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढे त्यात काय लिहिलंय, हे कुणी विचारलं नाही. एवढा छान विनोद हाताशी आल्यावर पुढचं कोण वाचतो?

पंपवाल्याचा गुन्हा एवढाच होता, की त्याने तिला एक भिंग दिलं होतं. पंपाच्या तोंडातली बारीक भोकं बघायला तो ते वापरायचा. ती दिवसभर पानं उन्हात धरून डोळे बारीक करते हे बघून एक दिवस त्याने ते दोरी ओवून तिच्या ट्रेवर आणून ठेवलं. "पान वरून बघू नका," तो म्हणाला, "खालून बघा." तीन वर्षांत तो तिच्याशी एवढंच काय ते सलग बोलला होता. पण भिंग गळ्यात होतं, दोरी पंपाची होती, आणि लोकांना डोळे होते.

आठवड्यात पंपवाल्याचं काम सुटलं. त्याची बायको एकदा फाटकापर्यंत आली, धाकटीच्या गळ्याकडे बघत राहिली आणि तशीच परत गेली. आणि एका दुपारी अकरा वर्षांची लेक शाळेतून आली, दप्तर न काढता दारातच उभी राहिली आणि तिने विचारलं, "आई, पर्यायी म्हणजे दुसरा ना?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने घर सोडलं.

राग तिने रोपासारखा वाढवला. रोप शेतात लावण्याआधी त्याचं पाणी तोडतात, उन्हात ठेवतात, म्हणजे ते कडक होतं, मोडत नाही. तिने रागाचं पाणी तोडलं. रडणं नाही, कुणाला सांगणं नाही. तपासणी खात्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम मिळालं. तिने बाटल्या धुतल्या. चौथ्या वर्षी बेसिनच्या वरच्या भिंतीवर कुणीतरी एक तक्ता चिकटवला. तिने हात पुसता पुसता वाचला. "टोमॅटोवरील विषाणूंचे पर्यायी यजमान." खाली चित्रं होती: धोत्रा, काळ्या मण्यांची कामोणी, मिरची, घेवडा, पिटुनिया.

ती ओली बाटली हातात धरून कितीतरी वेळ उभी होती.

"साहेब," तिने शेवटी तिथल्या म्हाताऱ्या साहेबांना विचारलं, "हे यजमान म्हणजे?"

"अहो, सोपं आहे," साहेब म्हणाले. "शेतात टोमॅटो नसतो तेव्हा त्या रोगाने कुठे राहायचं? कुणाच्या तरी घरी उतरतो. ज्याच्या घरी उतरतो तो यजमान. गंमत बघा, यजमानाला पुष्कळदा काहीच होत नाही. हिरवागार, गुटगुटीत. भोगतो शेजारी."

"माणसांसारखंच," ती म्हणाली.

"हो की!" साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, बाईला विषय कळला.

त्याच आठवड्यात तिने जुन्या कागदांची खोली झाडायला मागून घेतली. तिसऱ्या दिवशी तिला ती प्रत सापडली, कार्बनची, निळसर, अक्षरं बारीक. थोरल्यांनी वाचलेलं पहिलं वाक्य होतं. पूर्णविरामानंतर दुसरं होतं. "प्रवेशदारालगतची शोभेची फुलझाडं संशयित असून ती तातडीने उपटून नष्ट करावीत."

ती फुलं थोरल्यांची होती.

पुढची पाच वर्षं तिने त्या दुसऱ्या वाक्यासाठी काढली. परीक्षा दिली, नमुने घ्यायच्या कामावर गेली. रोपं दुसऱ्या मुलखात पाठवायची तर रोपवाटिकेला प्रमाणपत्र लागेल असा नियम आला, तेव्हा तिला कळलं की आता थोरले स्वतःच्या पायांनी अर्ज घेऊन येतील. आणि अहवाल रोपवाटिकेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, अशी एक साधी सूचनाही तिने बैठकीत केली होती. वरच्यांनी ती आपल्या नावावर खपवली. तिची हरकत नव्हती.

\*

फुलं अजून होती. तीच. दाराच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे वाफे आणि त्यात जांभळ्या कर्ण्यांसारखी पिटुनियाची फुलं, ओसंडून वाफ्याबाहेर लोंबणारी. गिऱ्हाइकाची पहिली नजर फुलांवर पडली पाहिजे, असं थोरल्यांचं तत्त्व होतं. दरवर्षी ते जुन्याच झाडाची काडी खोचून नवीन झाड करत, बी कधी आणलं नाही. कौतुक करणाऱ्यालाही काडी देत. म्हणजे झाड मरत होतं, पण काडीबरोबर आतला पाहुणाही पुढच्या वर्षात उतरत होता.

"याचीही पानं घेऊ," ती म्हणाली.

"फुलांची?" थोरले हसले. "अगं, ती बघ तरी. रोग असता तर अशी फुलली असती?"

"खरंच सुंदर आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण घ्या. यादीत आहेत."

धाकटी वाफ्यापाशी गुडघ्यांवर बसली. पानं तशीच, चिकट, बोटांना धरून ठेवणारी. एक पान उलटं केलं. भिंगाखाली पांढऱ्या माशा ओळीने बसल्या होत्या, पंख मिटून, पंगतीला बसावं तशा. तिला त्यांचा राग आला नाही. त्या बिचाऱ्या भूक लागली म्हणून प्यायच्या.

मॅडमनी तिन्ही खोल्यांच्या आणि फुलांच्या पिशव्यांना सील केलं, तारीख घातली, थोरल्यांची सही घेतली. त्यांनी ती झोकात केली.

फाटकाशी सून पोराला घेऊन आली. "काकू, चहा तरी घ्या." तेवढ्यात पोराने हात पुढे करून धाकटीच्या गळ्यातलं भिंग पकडलं आणि थेट तोंडाकडे ओढलं. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"अगं बाई! सोड रे, सोड—"

"असू दे," धाकटी म्हणाली. त्याची मूठ एवढीशी, पण पकड पक्की. एकेक बोट सोडवावं लागलं. ते दुधाचा वास येणारं बोट सोडवताना तिच्या मनात आलं, हिने दार लावलं असणार. हिच्यासारखीने लावलेलंच असतं.

आता खरं सांगायचं तर या दिवसाचं स्वप्न तिने असं बघितलं नव्हतं. तिच्या स्वप्नात तिन्ही खोल्या जळत होत्या. मोठा खड्डा, त्यात सगळे ट्रे, आणि थोरले काठावर. या घरात तिच्या जागी आता दुसरी कुणी उभी असेल, हे नऊ वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आजपासून आठ दिवस ती फुलं तिथेच राहणार होती. निकालाआधीच उपटून टाका म्हटलं तर थोरले उपटतील, आणि पुन्हा सगळं गुळमुळीत होईल. तिला ती फुलं जागेवर, जिवंत हवी होती.

ती फाटकाबाहेर दहा पावलं गेली. मग मॅडमना थांबा म्हणून परत आली.

"तिसरी खोली कोण बघतं?"

"मीच," सून म्हणाली.

"तिला मागून दार आहे, पाण्याच्या टाकीकडून. तेही दुहेरी आहे, मीच बसवून घेतलं होतं. गंजलं असेल तर तेल घाल. आठ दिवस फक्त तिथूनच जा-ये कर. पुढून नाही. फुलांना हात लावून तर मुळीच नाही."

"पण का?"

"सांगेन."

"आताच सांगा की, काकू. मला रोज बोलणी बसतात."

"आता सांगितलं तर ते माझं म्हणणं होईल," धाकटी म्हणाली. "आठ दिवसांनी कागदाचं म्हणणं असेल. आठ दिवस सोस."

\*

चाचणी दुसऱ्या बाईंनी केली. धाकटी पलीकडे बेसिनशी उभी राहून बाटल्या धूत होती; तिचं काम नव्हतं, पण हातांना काहीतरी हवं होतं. धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुतल्या. निकाल आला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "तुमची ती फुलं! नुसती भरलीयेत हो विषाणूने. आणि वरून बघा, काय देखणी."

पहिली खोली गेली होती. दुसरीत निम्मे ट्रे. तिसरी स्वच्छ.

नवव्या दिवशी सगळे चहाच्या वेळी अंगणात जमले. धाकटीनेच वेळ सुचवली होती. तिनेच एक क्रेट ओढून पालथा घातला. मॅडमनी अहवाल काढला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजींना वाचू द्या ना, मॅडम. त्यांचं वाचन फार चांगलं आहे."

थोरल्यांनी तिच्याकडे बघितलं. काहीतरी आहे हे त्यांना कळलं, पण काय ते कळेना. आणि एवढ्या लोकांसमोर वाचायला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. क्रेटवर चढले. खाकरले.

"'टोमॅटोवरील पर्णगुच्छ (बोकड्या) विषाणूचा पर्यायी यजमान आवारातच आहे.'"

ट्रेवाली मावशीने चहाचा पेला खाली ठेवला.

थोरल्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं, स्वतःहून, जणू त्या वाक्यानंतर यायची त्याला सवय होती. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं.

"पुढे," धाकटी म्हणाली.

"कळलं की सगळ्यांना. रोग आवारात—"

"पूर्णविरामाच्या पुढे."

"अगं—"

"वाचा, भाऊजी. मागच्या वेळी तुम्ही इथेच थांबला होतात."

मॅडमनी एकदा तिच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि शहाणपणाने वहीत डोकं घातलं.

थोरल्यांनी वाचलं. झोक नव्हता, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं, शब्दाला शब्द लावत. प्रवेशदारालगतची पिटुनियाची झाडं विषाणूग्रस्त आहेत. वर्षानुवर्षं काडीने वाढवल्यामुळे रोग टिकून राहिला आहे. प्रादुर्भाव या झाडांपासून सुरू होऊन दारालगतच्या ट्रेकडे पसरलेला दिसतो. तिसऱ्या खोलीत प्रादुर्भाव नाही. तेथील देखरेख, दारांची शिस्त व स्वच्छता समाधानकारक.

"तिसरी खोली कुणाकडे आहे?" धाकटीने विचारलं.

सगळे थोरल्यांकडे बघायला लागले.

"भाऊजी, कुणाकडे आहे?"

"सूनबाईकडे," थोरले म्हणाले.

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने पोराच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. बस, एवढंच. पण तो ओला ठिपका आज ती लपवत नव्हती.

आणि आता धाकटीने पेटीतून ती निळसर प्रत काढली. घडीवर झिजलेली. क्रेटवरच्या माणसाच्या हातात दिली. "हेही वाचा. जुनं आहे. पण तेव्हा वाचायचं राहून गेलं होतं."

त्यांनी दुसरं वाक्य वाचलं. आवाज इतका खाली गेला होता की ट्रेवाली मावशीला पुढे सरकावं लागलं. मग तिला अर्थ लागला. ती आपल्या काळ्या बोटांकडे बघत बसली.

"म्हणजे तेव्हाही..." कुणीतरी मागून म्हणालं, आणि वाक्य सोडून दिलं.

"मला काय ठाऊक यजमान म्हणजे झाड!" थोरले एकदम म्हणाले. "शब्दच असा. कुणीही चुकलं असतं."

"शब्द चुकला असेल," ती म्हणाली. "फुलझाडं हा शब्द कळला होता ना? तो घडीत घातलात."

मग त्यांना फुलं उपटायला लावली. मालकानेच उपटावीत असं काही नियमात नव्हतं. मॅडम म्हणाल्या, कामगार उपटतील. धाकटी म्हणाली, "हो, पण मी थांबते," आणि वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली. आणि काय झालं कोण जाणे, एकही कामगार जागचा हलला नाही. थोरले वाकले. एकेक झाड मुळासकट, पिशवीत. चिकट पानं त्यांच्या हाताला, बाहीला, घड्याळाला लागत राहिली. एक फूल मनगटाला चिकटून बसलं, ते झटकूनही पडेना. उपटताना पिठासारख्या माशा उडाल्या आणि त्यांच्या तोंडावरून गेल्या. ती बघत राहिली. नजर काढली नाही. दोन वाफे, एकेचाळीस झाडं.

पिशवीचं तोंड बांधून ते सरळ झाले. कपाळावर माती.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

तिने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण बरं वाटलं. हात धुऊन घ्या. असेच आत जाऊ नका."

\*

पंपवाल्याचं घर शोधायला अर्धा दिवस लागला. गाव सोडून तो तीन थांबे पलीकडे राहायला गेला होता. गल्लीच्या टोकाला, खाली पंपदुरुस्तीचं दुकान, बंद. वर दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. केस पिकलेले, पण बघणं तेच. तिने आधी धाकटीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. गळ्याकडे बघितलं.

"पंपवाले आहेत का?" धाकटीने विचारलं.

"यजमान गेले," ती म्हणाली. "दोन वर्षं होतील."

जिन्यात कुठेतरी नळ ठिबकत होता. धाकटीला जे बोलायचं होतं, ते नऊ वर्षं पाठ केलेलं होतं, आणि ते फक्त पंपवाल्यासाठी होतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्हाला कोण कळवणार?" ती बाई म्हणाली. त्यात टोमणा होता की नुसतीच विचारणा, कळलं नाही. मग तिने मान हलवून भिंगाकडे खूण केली. "ते यांचं."

"हो. पानाखालची माशी बघायला दिलं होतं. दुसरं काही नाही."

"तेही तेच म्हणायचे. शेवटपर्यंत." ती म्हणाली. "मी मानलं नाही."

धाकटीने कागद काढला. निळसर, घडीवर झिजलेला, थोरल्यांकडून परत घेतलेला. रोगाचं, फुलांचं, शब्दाचं सगळं आता फार लांबलचक वाटलं. तिने नुसताच पुढे धरला.

बाईने ओले हात पुसले, कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"अक्षरं फार बारीक आहेत," ती म्हणाली. "आत या. आणि ते दार लावा, वाऱ्याने कागद हलतोय."

धाकटीने दार लावलं.

खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर पंपाच्या सुट्या पितळी तोट्या अजून तशाच मांडलेल्या, मोठीपासून लहानीपर्यंत. बाईने त्या एका हाताने बाजूला सरकवल्या, कागद सपाट केला आणि न बघता हात मागे केला.

"द्या ते इकडे."

धाकटीने गळ्यातून दोरी काढली. मान हलकी झाल्यासारखी वाटली आणि उघडी पडल्यासारखीही.

बाईने भिंग कागदावर धरलं. ओठ हलवत, एकेक अक्षर गोळा करत ती वाचत होती. भिंग पहिल्या ओळीवरून सरकत गेलं. 'यजमान' या शब्दावर ते थांबलं. खूप वेळ थांबलं. मग हललं आणि पूर्णविराम ओलांडून पुढे गेलं.